नवसाचा पाळणा

"गोळ्या, तांबी की इंजेक्शन?" सिस्टरनं विचारलं.

पंधरा दिवसांपूर्वी कांचननं याच दवाखान्यात गर्भ पाडून घेतला होता. अंगात रक्तच नव्हतं, त्यात दोन लहान पोरी पदरात. सासूबाईंना वाटत होतं, आपसूक पडलं.

"गोळ्या घरात सापडतील. इंजेक्शनच द्या," ती म्हणाली.

बाहेर पडताना पिशवीतला लाकडी पाळणा हाताला लागला. नातवासाठी नवस बोलून तो देवीला बांधायचा, म्हणून तर सासूबाईंनी आज तिला एकटीला सोडलं होतं. निघताना डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "माझंही पहिलं असंच गेलं गं. कुणी विषयसुद्धा काढला नाही."

देवळात तिनं पाळणा बांधला. मागितलं काहीच नाही. आपल्या गेलेल्या बाळाला एक झोका दिला. मग सासूबाईंच्या बाळालाही एक.