खडीच्या वाटेवरचं रिंगण

"कुणी मांडले हे दगड?" मी सायकल आडवीच टाकली. तळ्याकाठच्या सपाट खडीच्या वाटेवर, बरोब्बर मधोमध, दगडांचं रिंगण! आज पन्नास किलोमीटर न थांबता मारायचे होते आणि एकेचाळिसाव्याला हा खोडा.

लाथेनं एकेक दगड पाण्यात उडवला. डोक्यावर एक टिटवी केकाटत घिरट्या घालत होती. "तू गप बस गं!" तिच्यावरही खेकसलो आणि त्याच रागात पेडल हाणत रिंगणाच्या मधूनच सुसाट निघालो.

पुढच्या वळणावर अभयारण्याचा म्हातारा राखणदार भेटला. त्याला झापलंच. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे? सगळे दगड फेकून दिलेत मी!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाहेरचे दगड मी मांडलेले, साहेब. आतली चार अंडी?"

"अंडी कुठली? आत नुसती खडी होती!"

तो वाकला. माझ्या पुढच्या टायरवरून त्यानं बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर पिवळा बलक होता.

वर टिटवी होतीच. माझ्यामागं ती इथवर ओरडत आली होती.