कर्नलची मुलगी

लष्करी राजवटीत मारलेल्या कैदी बायकांची तान्ही बाळं अधिकाऱ्यांनी आपलीच म्हणून वाढवली, हे आता अर्जेंटिनात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच राजवटीतल्या खुनांसाठी जन्मठेप भोगणारा कर्नल आपला बाप नसणारच, या आशेवर नोएमीने डीएनए चाचणी करून घेतली. निकालाच्या दिवशी शेजारी बसलेली, हरवलेली नात शोधणारी एल्विरा आजी तिला न्याहाळत म्हणाली, “डोळे अगदी माझ्या मारलेल्या लेकीचे गं तुझे!”

नोएमीने आजींचा हात हातात घेतला.

डॉक्टरीणबाई आत आल्या. “नोएमी, तुम्हाला कुणी पळवलेलं नाही. तुमचा नमुना कर्नलशीच जुळला. तुम्ही त्यांचीच सख्खी मुलगी आहात.”


“पुन्हा एकदा तपासा ना हो,” नोएमी काकुळतीला आली, “आजींची नसेन, तर दुसऱ्या कुणाची तरी असेन!”