घाईचे हात

तळघरातून फट्कन आवाज आला आणि लोरेन्झा हातातलं काम टाकून जिन्याकडे धावली. बाटली फुटली होती. इटलीतल्या त्या डोंगरगावात तिच्या घराण्याची फेसाळ वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबायची, आतून जोर धरायची. एक फुटली की काचा उडून शेजारच्याही फुटत. आणि काचांपासून तोंड वाचवायचा जाळीचा मुखवटा तर वर खुंटीलाच लटकत होता. म्हणजे पापा उघड्या तोंडाने खाली गेले होते.

मुखवटा घेऊन ती जिना उतरली. फळ्यांच्या भोकांत उलट्या खोचलेल्या बाटल्यांच्या दोन रांगांमध्ये पापा खिळल्यासारखे उभे होते. गालावरून रक्त ओघळत होतं, हातात एक भरलेली बाटली होती.

"पापा, ठेवा ती!"

"ओरडू नकोस. काच लागून चरा पडलाय हिला. धक्का लागला तर गेली."

"मग हळूच ठेवा ना."

"ठेवता येत नाही गं," ते पुटपुटले.

तेव्हा तिला दिसलं, त्यांचे हात थरथरत होते.

रोज एकेक बाटली किंचित फिरवून गाळ तिच्या मानेत उतरवायचा, हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नव्हतं. "तुझे हात घाईचे," हेच लेकीला ऐकवत आले होते.

तिने मुखवटा त्यांच्याच तोंडावर चढवला, श्वास रोखला आणि बाटली अलगद काढून घेऊन वाळूच्या बादलीत निजवली.

मग जाळीआडून आवाज आला, "उद्यापासून हा मुखवटा तू घाल. मी दारात उभा राहून शिव्या देईन."