मेणाचा गोळा

शुक्राचा तरणा लेक तापानं गेला. तो फुंकून वाजवायचा तो भोपळ्याचा तारपा शुक्रा चितेवर ठेवत होता, मीच अडवलं. मी तलासरीचा मास्तर, म्हणालो, "मुंबईच्या संग्रहालयात देऊ. तिथं सगळी मुंबई ऐकेल." एकसष्ट साली तिथं कला, विज्ञान आणि निसर्गाचा उत्सव भरला आणि शुक्राला बोलावणं आलं. लेकाचा तारपा वाजवायचा म्हणून त्यानं तारप्याचे सांधे लिंपायला मधाच्या पोळ्याचं मेण मुठीत धरून वाटभर मऊ ठेवलं. तिथल्या साहेबांनी तारपा ठेवलेली काचेची पेटी उघडली. शुक्रानं तारपा ओठांना लावताच ते ओरडले, "तोंड लावू नकोस! कीड लागू नये म्हणून विष चोपडलंय. नुसता धरून उभा राहा." "मंग वाजल कवा?" "वाजणार नाही. पण शंभर वर्षं टिकेल." शुक्रानं तारपा पेटीत निजवला, मऊ मेण माझ्या तळहातावर ठेवलं. "गुरुजी, त्या दिशी जळू द्याचा व्हता."