रुबेनचा शर्ट

हरणाचा नर धुक्यातून बाहेर आला तसं ओझेलनं नातीच्या खांद्याला बोट लावलं. आठ फाट्यांची शिंगं, जाडजूड मान, मचाणापासून जेमतेम साठ पावलं. अकरा वर्षांच्या जुबिलीनं रायफल कठड्यावर टेकवली, गाल दस्त्याला लावला आणि अंगठ्यानं सुरक्षेचा खटका हळूच पुढे सरकवला. आजोबांनी शिकवलं होतं अगदी तस्सं.

ओझेलनं डोक्यावरची टोपी काढून मुठीत धरली. देवा, पोरीचा हात धर, एवढं तो मनात म्हणाला, आणि पुढे काय मागावं ते त्याला सुचेना. गोळी लागू दे म्हणावं, तर रक्त बघून पोर हबकली म्हणजे? चुकू दे म्हणावं, तर तिकडे खोपीत मंडळी कात्री घेऊन बसलेली.

शिकाऱ्यांच्या त्या खोपीचा कायदा जुना होता. ज्याचा नेम चुकला, किंवा ज्यानं समोर आलेलं जनावर हातचं घालवलं, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, वर नाव लिहायचं आणि खिळ्याला टांगायचं. ओझेलची स्वतःचीच चार टांगलेली होती. लोक हसायचे, कॉफी प्यायचे आणि विसरून जायचे. रुबेनचं तेवढं कुणी विसरलं नव्हतं.

रुबेन हा ओझेलचा मुलगा, जुबिलीचा बाप. तेव्हा तोही अकराचाच. त्या दिवशी हाका होता. ओझेल कुत्री घेऊन ओढ्याकडून रान उठवत येत होता आणि रुबेन वाटेवर बंदूक धरून एकटा उभा होता. नर त्याच्या पुढ्यातून गेला आणि पोरानं चापच ओढला नाही. का, म्हणून विचारलं तर मान खाली. ओझेलनं स्वतःच्या हातानं त्याचा शर्ट कापला आणि वीस माणसांदेखत म्हणाला, "घ्या! ओझेलच्या पोटी मुलगी जन्माला आलीय!"

सगळी खोप हसली. रुबेन हसला नाही. त्यानं पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. अठरावं लागलं तशी डेट्रॉइटची बस धरली आणि त्यानंतर इकडे अलाबामात आला तो एकदाच, आईच्या मयताला. यंदा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मात्र त्यानं आपणहून लेक पाठवली होती. "तिला शिकार शिकायचीय. शिकवा," फोनवर एवढंच बोलला. आज पोर रडत परत गेली, तर ते दार पुन्हा उघडायचं नाही, हे ओझेलला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या रविवारी पास्टरांनी अब्राहामाची कथा गाऊन सांगितली होती. देवाच्या आज्ञेवरून बाप पोटच्या पोराला बळी द्यायला डोंगरावर नेतो, हात उगारतो, तोच देवदूत हाक मारतो. सूर चढत चढत टिपेला गेला, "हात आवर, अब्राहामा, हात आवर!" आणि अख्खं चर्च उभं राहून रडू-गाऊ लागलं. ओझेल तिथला डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, एरवी सगळ्यांच्या आधी उठणारा. त्या दिवशी तो बसून राहिला. त्याला आपलाच हात दिसत होता, कात्री धरलेला.

नर वळून आडवा उभा राहिला. याहून सोपा नेम उभ्या जन्मात मिळत नाही.

"बाळ," ओझेल कुजबुजला.

जुबिलीचं बोट चापावर नव्हतं.

"बाळ, आता!"

ती हलली नाही. नरानं कान टवकारले, दोन पावलं टाकली, पांढरी शेपटी उभारली आणि एका उडीत धुक्यात विरून गेला. जुबिलीनं खटका मागे ओढला, रायफल खाली घेतली आणि मान खाली घातली. थेट बापासारखी.

ओझेलच्या जिभेवर तेहतीस वर्षांपूर्वीचे शब्द जसेच्या तसे आले. त्यानं ते गिळले.

तेवढ्यात मागच्या पायवाटेनं त्याचा जुना जोडीदार क्लीटस थर्मास हलवत आला. "काय रे डीकन, बंदूक मुकी झाली का तुझी? एवढं धूड मला शेपटी दाखवून गेलं! कात्रीला धार लावू?"

"लाव," ओझेल म्हणाला. "शर्ट माझा कापायचाय. मीच तिला नको म्हणालो."

"तू? तू नको म्हणालास?" क्लीटस पोट धरून हसला. "चला रे, म्हाताऱ्याला पाझर फुटला!" आणि ही बातमी सांगायला तो लगबगीनं खोपीकडे वळला.

तो दिसेनासा झाल्यावर जुबिली म्हणाली, "आजोबा, तुम्ही खोटं बोललात."

"बोललो. देव बघून घेईल. भीती वाटली तर त्यात लाजायचं नसतं, पोरी. हे मला फार उशिरा कळलं."

"पण मी घाबरले नव्हते." तिनं समोरच्या धुक्याकडे बोट केलं. "त्याच्या मागचं काही दिसतच नव्हतं. बाबांनी एकाच अटीवर पाठवलंय मला. हरीण दिसलं की आधी त्याच्या मागे बघायचं. मागचं दिसलं नाही तर चापाला बोट लावायचं नाही."

"रुबेननं?" ओझेलच्या तोंडून निघून गेलं. "त्याला गं काय ठाऊक शिकारीतलं?"

जुबिलीनं त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. हे आजोबांना माहीत नसेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

"त्या दिवशी त्यांच्या हरणामागे तुम्ही होतात ना, आजोबा."