पत्ता कळवा

"दार आपटून बंद झालं. चावी आत, बाळ आत. लगेच फोन करा."

मेसेज वाचताच कुलूपवाल्या काकांनी त्या नंबरवर फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात म्हणाली, आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही. काकांनी पुन्हा लावला. बाई तेवढ्याच गोडीने पुन्हा तेच म्हणाली.

"अगं, कालच तर रिचार्ज मारला होता," काका गल्ल्यावर बसलेल्या काकूंना म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मेसेजमध्ये पत्ताच नव्हता.

काकू कारण विचारत बसल्या नाहीत. त्यांनी फोन काढून घेतला, तडक शेजारच्या औषधाच्या दुकानात शिरल्या आणि तिथल्या फोनवरून तो नंबर लावला. पत्ता कळल्याबरोबर तो त्यांनी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात काकांना सांगितला. काकांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि स्कूटर काढली.

काकू फोनवरच थांबल्या.

"बाळ कुठंय?"

"रांगतंय. काकू, बाथरूमचं दार उघडंय आणि खाली बादली भरून ठेवलीय." बाळाची आई असलेल्या त्या पोरीला हुंदक्यांमुळे धड बोलता येत नव्हतं.

"रडू नकोस. खाली बस. दाराच्या फटीतून बोटं आत घाल, हलव आणि त्याला हाक मार. नेहमी मारतेस तशीच. घाबरलेल्या आवाजात नको."

पलीकडून लाडाच्या हाका ऐकू येऊ लागल्या. आधी आवाज कापत होता, मग हळूहळू सावरला. औषधवाला गोळ्या मोजता मोजता थांबला. बऱ्याच वेळाने ती पोरगी कुजबुजली, "काकू, त्याने माझं बोट धरलंय."

"मग आता काढू नकोस," काकू म्हणाल्या.

काका पोचले, दार उघडलं, फोनमधून एक खणखणीत रडणं आलं आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. अशा वेळी भल्याभल्यांचे हातपाय गळतात. या बाईचं डोकं मात्र जागच्या जागी होतं, आणि त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

दुकानात परतल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि काकांचे मेसेज उघडले. पैसे गेले कुठे ते दोन मिनिटांत कळलं.

चावी कापायच्या मशीनच्या घरघरीत रिंग ऐकू येत नाही, म्हणून पाटीवरच लिहिलं होतं की मेसेज टाका, उत्तर मिळेल. काका ते अक्षरशः पाळत. कुणीतरी बंद दाराबाहेर ताटकळतंय या विचाराने त्यांना चैनच पडत नसे. एका छोट्याशा, पाच आकडी नंबरवरून मेसेज आला होता, 'तुमच्या अडचणी संपणार. कशा, ते जाणून घ्यायचंय?' काकांनी लिहिलं होतं, 'हो. पत्ता कळवा, निघतो.' त्या 'हो'वर राशिभविष्याची सेवा सुरू झाली. रोज एक मेसेज, दर मेसेजला पैसे कापलेले. आणि रोज खाली काकांचं उत्तर, 'पत्ता मिळाला नाही.' त्याचेही पैसे कापलेले.

काकूंना हसू आलं आणि त्याच वेळी अंगाचा तिळपापडही झाला. असल्या लोकांना भला माणूस बरोबर सापडतो. त्यांनी फोन कंपनीच्या फुकटच्या नंबरवर फोन लावला आणि खरा माणूस बोलेपर्यंत सोडला नाही.

"मॅडम, तुमच्याकडूनच 'हो' आलंय," पलीकडचा मुलगा म्हणाला.

"त्याच्या पुढचंही वाच की, बाळा."

त्याने वाचलं. मग रोजचे सगळेच मेसेज वाचले.

"आता तूच सांग. भविष्य विकत घेणारा माणूस रोज पत्ता विचारेल का?"

सेवा बंद झाली. असल्या पैसे कापणाऱ्या सगळ्याच सेवा काकांच्या नंबरवर कायमच्या बंद करायला काकूंनी लावल्या. कापलेले पैसे जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत मुलाला फोन ठेवू दिला नाही.

काका परतले ते मान खाली घालूनच. काकूंनी सगळं सांगितल्यावर तर ते स्टुलावर बसूनच राहिले.

"माझ्यामुळे आज त्या बाळाचं..." ते म्हणाले. "आजपासून अनोळखी नंबरला उत्तर देणं बंद."

"मग दुकानच बंद करू या," काकू म्हणाल्या. "बाहेर अडकलेला माणूस अनोळखीच असतो. फक्त असल्या छोट्या नंबरला उत्तर द्यायचं नाही. तिथे कुणी माणूस नसतो."

"आणि खरंच कुणी अडचणीत असला तर?"

"अडचणीतला माणूस मदत मागतो. पैसे कापत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता. काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत असावं. काकूंना ते बघवेना.

त्यांनी नंबर बघितला, मेसेज मोठ्याने वाचला. "बाळ झोपलं. गडबडीत तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, काका. राग मानू नका."

काकूंनी फोन काकांच्या तळहातावर ठेवला आणि चावीचं मशीन बंदच ठेवलं. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक चावीसाठी खोळंबलं होतं.

"जरा थांबा हं," काकू त्याला म्हणाल्या. "हे उत्तर लिहितायत."