कॅलमची सीट

"मुलाची गाडी आहे. रविवारी विंटनच्या ट्रॅकवर न्यायचीय, पहिल्यांदाच," नेव्हिल म्हणाला.

"मग रेसिंगचे ब्रेक पॅड नकोत," दुकानातली बाई म्हणाली. "ते तापल्याशिवाय धरत नाहीत. नवशिका पहिल्याच वळणावर थेट गवतात जाईल. हे साधे न्या. ब्रेक फ्लुइड मात्र भारीतलं घ्या. ते उकळलं, की कितीही दाबा, गाडी थांबत नाही."

घरी येऊन त्याने पॅड बसवले आणि बायकोला हाक मारली. फ्लुइड बदलायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर.

"या गाडीत मी बसणार नाही, हजारदा सांगितलंय," मॉरीन म्हणाली. पण बसली.

तो चाकापाशी आडवा झाला. "दाब."

काहीच हललं नाही.

"अगं, दाब ना!"

"पाय पोचत नाही, नेव्ह."

"मग सीट पुढे ओढ."

"नको. कॅलमने लावलीय तशीच राहू दे."

एप्रिलमध्ये कॅलम गेल्यापासून गाडीला आजपर्यंत कुणी हात लावला नव्हता. नेव्हिलने पाना खाली ठेवला. मग उठला, आतून सोफ्यावरच्या दोन उशा आणल्या आणि तिच्या पाठीशी लावल्या. आता तिचा पाय पोचला.

"आणि रविवारी तू चालवशील तेव्हा?" तिने विचारलं.

"मला नाही हलवावी लागणार," तो म्हणाला. "उंचीला तो माझ्यावरच गेला होता."